मोतीबिंदूचे ऑपरेशन : ‘मशीनने’ की ‘साधे’?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावयाची असे ठरले की घरातील पहिला प्रश्न डोळ्याविषयी नसतो, यंत्राविषयी असतो. ‘डॉक्टरसाहेब, मशीनने करायचे की साधे?’ मुलाला वाटते, आईसाठी कमी खर्चाचे केले तर नातेवाईक काय म्हणतील. आईला वाटते, या वयात माझ्यावर एवढा पैसा कशाला. शेजारचे काका सांगतात की त्यांचे ‘लेझरने’ झाले आणि दुसऱ्याच दिवशी ते वर्तमानपत्र वाचू लागले. या प्रश्नाची शास्त्रशुद्ध परीक्षा आपल्या महाराष्ट्रातच झालेली आहे आणि तिचे उत्तर आकड्यांत उपलब्ध आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

प्रथम शेजारच्या काकांच्या लेझरविषयी. आपण ज्याला मशीनचे ऑपरेशन म्हणतो ते ‘फेको’. त्यात लेझर नसतो. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून एक बारीक सुई आत जाते, तिच्या टोकाशी श्राव्यातीत ध्वनिलहरींची कंपने असतात, त्यांनी मोतीबिंदूचे तुकडे होतात आणि ते शोषून घेतले जातात. मग घडी घातलेले कृत्रिम भिंग आत सोडले की ते उलगडते. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली ही पद्धत प्रथम वापरली. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागच्या पातळ पिशवीवर जाळी धरते, ती मात्र लेझरने उघडतात. त्यावरून सगळेच लेझरने झाले असा समज पसरला असावा. मोतीबिंदू काढण्यातही फेम्टोसेकंद नावाच्या लेझरची मदत घेणारी केंद्रे आहेत. परंतु फ्रान्समधील पाच विद्यापीठ रुग्णालयांनी मिळून केलेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, फेकोच्या तुलनेत त्याचा रुग्णाला काही अधिक लाभ झाल्याचे आढळले नाही.

‘साधे’ या शब्दाने तर अधिकच गोंधळ होतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे त्यांना आपल्या आजी-आजोबांचे सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखे जाड चष्मे आठवत असतील. त्या काळी मोतीबिंदूबरोबर भिंग संपूर्ण काढून टाकीत आणि त्याच्या जागी काहीच बसवीत नसत. कृत्रिम भिंग डोळ्यात बसविण्याचा पहिला प्रयोग लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली केला खरा. परंतु आपल्याकडील सरकारी कार्यक्रमात भिंगरोपण मोठ्या प्रमाणावर आले ते १९९४ नंतर, जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत राबविलेल्या मोतीबिंदू प्रकल्पातून. त्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. त्यानंतरची पायरी म्हणजे बिनटाक्याची शस्त्रक्रिया. डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा मिलिमीटरच्या आसपास तिरकस बोगदा करून मोतीबिंदूचा गाभा अखंड बाहेर काढतात, भिंग बसवितात. बोगदा आतील दाबाने आपोआप मिटतो. महागडे यंत्र लागत नाही. आज ‘साधे’ म्हणतात ते बहुधा हेच. आजोबांच्या जाड चष्म्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता परीक्षेकडे येऊ. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन पद्धतींची समोरासमोर तुलना केली. तिचा निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला. चारशे डोळे. कोणाला फेको आणि कोणाला बिनटाक्याची, हे रुग्णाने ठरविले नाही, शल्यचिकित्सकाने ठरविले नाही आणि खिशानेही ठरविले नाही. एक प्रकारे चिठ्ठी टाकूनच ठरले. हा मुद्दा थोडा समजून घेण्यासारखा आहे. एरवी महागडी शस्त्रक्रिया घेणारी माणसे बहुधा सुस्थितीतील असतात, लवकर येतात, पुन्हा दाखवायला येतात, चष्मा करून घेतात. त्यांची दृष्टी चांगली निघाली तर श्रेय यंत्राचे की त्यांच्या सुस्थितीचे, हे सांगता येत नाही. चिठ्ठी टाकली की दोन्ही बाजूंना सारखीच माणसे येतात आणि उरतो तो फरक पद्धतीचा.

सहा आठवड्यांनी दृष्टी मोजली. कसोटी होती ६/१८ ची, म्हणजे निरोगी डोळ्याला जी ओळ अठरा मीटरवरून वाचता येते ती या डोळ्याने सहा मीटरवरून तरी वाचली पाहिजे. चष्म्याविना फेकोच्या १८५ पैकी १५० जणांनी ही ओळ वाचली, म्हणजे ८१ टक्के. बिनटाक्याच्या १८७ पैकी १३३ जणांनी, म्हणजे ७१ टक्के. इथवर वाचून मुलगा म्हणेल, बघा, मशीनच चांगले. पण त्याच दिवशी त्याच माणसांच्या डोळ्यांवर योग्य नंबरची काच ठेवून पुन्हा मोजले. फेकोचे १८५ पैकी १८२. बिनटाक्याचे १८७ पैकी १८४. दोन्हींकडे ९८.४ टक्के.

या दोन मापांमध्ये जे अंतर आहे, त्याचे नाव चष्मा. मोठ्या छेदामुळे बुबुळाच्या पारदर्शक पृष्ठभागाचा गोलावा किंचित बदलतो, आडव्या-उभ्या रेषांत फरक पडतो, ज्याला आपण सिलिंडरचा नंबर म्हणतो. काच लावली की तो निघून जातो. डोळ्याच्या आत जे काम झाले ते दोन्हींकडे सारखेच उत्तम होते.

म्हणून माझा सल्ला असा असतो. ज्यांना परवडते, ज्यांना चष्म्यावर कमीत कमी विसंबायचे आहे आणि ज्यांचा मोतीबिंदू अजून मऊ आहे, त्यांनी खुशाल फेको करावे. ती सुंदर पद्धत आहे आणि डोळा लवकर स्थिरावतो. परंतु शासकीय किंवा धर्मादाय रुग्णालयात बिनटाक्याची होणार म्हणून कोणी खंत करू नये, आणि आईच्या डोळ्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये. मोतीबिंदू फार पिकून तपकिरी व टणक झाला असेल तर अनेक अनुभवी शल्यचिकित्सक स्वतःहून बिनटाक्याची पद्धत निवडतात, कारण टणक गाभा फोडायला यंत्राची शक्ती जास्त लागते आणि तिचा ताण बुबुळाच्या आतील नाजूक पेशींवर पडतो. पुण्याच्या चाचणीतील हात दोन्ही पद्धतींत मुरलेले होते, हेही ध्यानात ठेवावे. ज्या डॉक्टरांचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे ती पद्धत त्यांच्याकडून करून घेणे, हे यंत्राच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे. ‘आपण नेहमी कोणती करता?’ असे विनयाने विचारले तर कोणत्याही सज्जन डॉक्टरांना राग येण्याचे कारण नाही.

सहा आठवड्यांच्या त्या तपासणीविषयी मात्र मी थोडा आग्रही आहे. चाचणीतील ९३ टक्के रुग्ण सहाव्या आठवड्यात तपासणीला आले, कारण त्यांचा पाठपुरावा करणारे कोणी तरी होते. आपल्या घरांत काय होते? शस्त्रक्रियेच्या दिवशी सगळे कुटुंब हजर. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला मुलगा रजा टाकून येतो. आठवड्याने सून घेऊन जाते. सहाव्या आठवड्यापर्यंत हिरवी पट्टी, काळा चष्मा, थेंबांच्या बाटल्या सगळे मागे पडलेले असते आणि आजी म्हणतात, ‘दिसते ना आता, कशाला पुन्हा रिक्षाचे पैसे.’ त्यांना दिसते हे खरेच. अंधाराच्या मानाने दिसते. पण पोथीची अक्षरे जुळत नाहीत, गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव लागत नाही, आणि घरात बोलले जाते की ऑपरेशन काही नीट जमले नाही. अशा कित्येक ‘न जमलेल्या’ शस्त्रक्रिया शेवटी चष्म्याच्या काचेने जमतात. नेहमीचे एकाच अंतराचे भिंग बसविले असेल तर जवळच्या वाचनाला चष्मा लागणारच, तो फेकोनंतरही लागतो. हे आधी सांगितलेले नसले की रुसवा होतो.

तरीही काही डोळे असे राहतात की शस्त्रक्रिया निर्दोष झाली, चष्माही दिला, आणि दृष्टी आली नाही. त्यांचे कारण बहुधा भिंगाच्या मागे असते. या बाबतीत नागपूरकरांना अभिमान वाटावा असे एक संशोधन आपल्याच परिसरात झाले आहे. येथील सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या मानहाइम येथील वैद्यक विद्याशाखेचे डॉ. योस्ट योनास यांनी मिळून नागपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरील आठ खेड्यांत घरोघरीची पाहणी केली. तीस वर्षे व त्यावरील ५८८५ जणांपैकी ४७११ जण तपासणीला आले. ज्याला त्रास आहे तो दवाखान्यात येतो; ज्याला आपल्याला काही झाले आहे हे माहीतच नाही त्याचा डोळा पाहायचा तर गावाकडेच जावे लागते. २०१० च्या सुमारापासून या पाहणीचे निबंध जागतिक नियतकालिकांत येत राहिले आणि शेतात राबणाऱ्या या माणसांच्या डोळ्यांची मापे जगभरच्या नेत्रतज्ज्ञांनी वाचली.

त्यातले एक माप आपल्या उपयोगाचे आहे. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची जाडी या लोकांत सरासरी ५१४ मायक्रॉन निघाली, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. युरोपीय लोकांत ती साधारणपणे ५४० च्या आसपास असते. फरक केसाहूनही बारीक आहे, मग त्याचे एवढे काय? डोळ्याचा दाब मोजताना आपण हाच पडदा दाबून पाहतो. पडदा पातळ असला की तो सहज दबतो आणि यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवते. या पाहणीत दाबाची सरासरी १३.६ होती. एकवीसपर्यंतचा दाब ‘नॉर्मल’ असे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. पण पातळ पडद्याच्या डोळ्यात अठरा हा आकडा निर्धास्त करणारा असेलच असे नाही. भारतात ठिकठिकाणी झालेल्या अशा पाहण्यांत दिसले आहे की काचबिंदू झालेल्यांपैकी मोठ्या हिश्श्याचा दाब तपासणीच्या वेळी एकवीसच्या आतच असतो, आणि बहुसंख्यांना आपल्याला काचबिंदू आहे याची कल्पनाही नसते.

काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदू आणि काचबिंदू एकाच डोळ्यात एकत्र नांदत असतील तर मोतीबिंदू काढल्यावर उजेड वाढेल, पण नस जेवढी वाळली आहे तेवढा भाग अंधारातच राहील. मधुमेहाने पडद्याला सूज आली असेल तरी तसेच. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रतज्ज्ञांना एक गोष्ट अवश्य विचारावी : बाहुली मोठी करून मागचा पडदा आणि नस पाहिली का, आणि त्यावरून किती दृष्टी अपेक्षित आहे? मोतीबिंदू फार दाट असल्यास मागचे दिसत नाही, तेव्हा सोनोग्राफीचा आधार घेतात. त्यातून पडदा सुटलेला आहे का हे कळते, मात्र नसेचे पूर्ण चित्र मिळत नाही. अशा वेळी डॉक्टर ‘काढल्यावर कळेल’ म्हणाले तर ते टाळाटाळ करीत नाहीत, खरे तेच सांगत आहेत. आणि एक : आई-वडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर ते न विचारताही सांगावे.

गुंतागुंतीविषयी बोलायला लोक कचरतात, अपशकुन वाटतो. पण २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वाच्या कारणांमध्ये शस्त्रक्रिया न झालेला मोतीबिंदू ६६.२ टक्के होता आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंत ७.२ टक्के. पहिला आकडा दुसऱ्याच्या नऊपट आहे, म्हणजे शस्त्रक्रिया न करणे हाच मोठा धोका. मात्र दुसराही शून्य नाही. त्यात सर्वांत भीतीदायक म्हणजे डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या समूहाने सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब २०१७ साली मांडला. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडू लागल्यावर संसर्गाचे प्रमाण दहा हजारांत सातवरून दोनवर आले. मुळात दुर्मीळ असलेली गोष्ट आणखी दुर्मीळ झाली.

घरच्यांनी लक्षात ठेवायचे ते एवढेच की पहिल्या काही दिवसांत दृष्टी रोज थोडी सुधारत गेली पाहिजे. सुधारलेली दृष्टी पुन्हा मंदावली, डोळा वाढता लाल झाला, ठणकू लागला, प्रकाश सहन होईना, तर सकाळची वाट पाहू नये, मेडिकल स्टोअरमधून थेंब आणू नयेत आणि मला दाखवायलाही येऊ नये. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे त्याच दिवशी, रात्र असली तरी जावे. येथे काही तासांनी फरक पडतो.

माझ्याकडे यायचे ते आधी, ‘फिटनेस’च्या कागदासाठी. त्यावर माझे मत जरा वेगळे आहे. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सरसकट सर्वांच्या रक्ताच्या तपासण्या आणि ई.सी.जी. करूनही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची सुरक्षितता वाढली नाही. तपासण्यांची लांबलचक यादी करून वृद्धांना लॅबच्या रांगेत बसविण्यात त्यामुळे मला रस नाही. परंतु आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब न कळता अंगात असणारी माणसे पुष्कळ, म्हणून साखर आणि रक्तदाब मी पाहतोच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोलणे. अर्धा तास उताणे पडून राहता येते का, खोकला येतो का, ऐकू येते का. आणि औषधांची पिशवी. पुरुषांना प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनची गोळी चालू असते. तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली पुरेशी मोठी होत नाही, सैल पडते, हे २००५ साली कॅलिफोर्नियातील दोन नेत्रतज्ज्ञांनी प्रथम दाखवून दिले. गोळी काही दिवस बंद करूनही तो परिणाम पुरता जात नाही. पण शल्यचिकित्सकाला आधी माहीत असले की तो तयारीने बसतो. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध म्हणून हे सांगायचे राहून जाते. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. डोळ्यापायी हृदय धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

राहिला मुहूर्ताचा प्रश्न. विदर्भात पक्की समजूत आहे की उन्हाळ्यात डोळ्याचे ऑपरेशन करू नये. टाके घालीत, वीज नव्हती, शिबिरे शाळेच्या वर्गांत भरत, त्या काळी तिला अर्थ असेल. आज मे महिन्यातही शस्त्रक्रिया तितकीच सुरक्षित आहे. कूलरच्या थेट झोतात बसू नये आणि कोमट पाण्याने मानेखालून आंघोळ करावी, एवढे पथ्य पुरे. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचेही कारण उरलेले नाही. उलट थांबण्याची किंमत असते, आणि ती कधी कधी डोळ्याला न पडता मांडीच्या हाडाला पडते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढील ३०६ स्त्रियांवर चाचणी झाली. काहींची पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया सुमारे महिनाभरात केली, काहींना तेथील रिवाजाप्रमाणे वर्षभर रांगेत थांबावे लागले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी निघाले. न्हाणीघराचा उंबरठा, अंगणातील पायरी, रात्री उठल्यावर पायात येणारी चटई, या गोष्टी धूसर डोळ्याला दिसत नाहीत.

तेव्हा ज्यांच्या घरी दसरा-दिवाळीनंतर बघू असे ठरले असेल त्यांनी याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की कालनिर्णयावर तिच्यासमोर खूण करतोच. तेथून सहा आठवडे मोजून दुसरी खूण करावी आणि त्या दिवशी आजींना रिक्षाने कोण नेणार त्याचे नावही शेजारी लिहून ठेवावे.